मोस्तार : एक इमारत, इतिहासाचे दोन तास

बोस्नियातल्या मोस्तारचा पूल मला धड पाहताच आला नाही. सप्टेंबरातली भर दुपार, क्रोएशियातल्या दुब्रोवनिकहून एका दिवसासाठी आलेल्या बसगाड्या, गुळगुळीत दगडांवर घसरू नये म्हणून एकमेकांना धरून चालणारी माणसं, आणि कठड्यावर उभा राहून ‘एवढे पैसे जमले की उडी मारतो’ म्हणणारा चड्डीतला पोरगा. खाली नेरेत्वा नदी, बाटलीच्या काचेसारखी हिरवीगार. दोन्ही काठांना दुकानं. त्या दुकानांत बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून केलेली पेनं विकायला ठेवली होती. एक जोडपं नातवंडांसाठी चार पेनं निवडत होतं, ही जास्त चकाकते, ती नको म्हणत. मला इतका संताप आला की मी तिथून निघालेच. त्या पुंगळीतली गोळी कुठे गेली असेल, हा प्रश्न निदान एकदा तरी मनात यायला हवा ना?

पुलाच्या तोंडाशी एक धोंडा आहे. त्यावर इंग्रजीत रंगवलंय, ९३ विसरू नका. १५६६ साली बांधलेला हा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बोस्नियातल्या क्रोआट सैन्याच्या तोफांनी पाडला. आज दिसतो तो २००४ साली पुन्हा बांधलेला. लोक त्या धोंड्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होते.

पण मी पुलासाठी गेलेच नव्हते. मी गेले होते एक शाळा पाहायला.

एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला. आधी लातूरला, मग पुण्यात. माझा भाचा मुळशीजवळच्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजात शिकत होता, तेव्हा त्याचा रूममेट मोस्तारचा होता. दोन दिवाळ्या तो आमच्याकडे राहिला. उटणं लावून घेतलं, चकल्या पाडायला शिकला आणि भाच्याचं ऐकून मला मावशी म्हणू लागला. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, “मावशी, आमच्या शाळेच्या इमारतीत दोन शाळा आहेत.” मला वाटलं, सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र. आपल्याकडे असतंच की. तो म्हणाला, तसं नाही. एक बोस्नियाक, म्हणजे तिथल्या मुसलमान मुलांची, एक कॅथलिक क्रोआट मुलांची. आमटीची पळी माझ्या हातात तशीच राहिली. तेव्हाच ठरवलं की हे डोळ्यांनी पाहायचं. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी जमलं.

पुणे, मुंबई, इस्तंबूल, सारायेवो. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सारायेवोत चार दिवस होते आणि चारही दिवस संग्रहालयांत गेले. पहिलं म्हणजे तिथलं राष्ट्रीय संग्रहालय, ‘झेमाल्यस्की मुझेय’, १८८८ साली स्थापन झालेलं. मधे वनस्पतींची बाग, बागेत मध्ययुगातले कोरीव थडग्यांचे दगड, भोवती चार देखण्या इमारती. आणि एवढं मोठं संग्रहालय २०१२ च्या ऑक्टोबरात दारावर फळ्या ठोकून बंद केलं होतं. कारण वाचून माझा विश्वास बसेना. १९९५ च्या डेटन कराराने सर्ब, क्रोआट आणि बोस्नियाक यांच्यातलं युद्ध थांबवलं, आणि देशाची राज्यघटनाही त्याच कराराचं एक परिशिष्ट. त्या घटनेत शिक्षण आणि संस्कृती यांचा कारभार मध्यवर्ती सरकारकडे ठेवलाच नाही. त्यामुळे राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय ग्रंथालय अशा सात संस्थांना कुणी वालीच उरला नाही. पैसा कुणी द्यायचा यावर एकमत होईना, कारण मुळात हा ठेवा कुणाचा यावरच एकमत नव्हतं. तीन वर्षं फळ्या तशाच. त्या तीन वर्षांत कर्मचारी पगाराशिवाय कामावर येत राहिले. धूळ झटकायचे, पाळीपाळीने राखण करायचे. शेवटी गावातले लोक ‘मी आहे संग्रहालय’ म्हणत त्यांच्या जोडीला राखणीला येऊन बसू लागले आणि २०१५ च्या सप्टेंबरात दारं उघडली.

तिथे एक पोथी आहे, सारायेवोची हगादा. ज्यू लोक वल्हांडणाच्या रात्री वाचतात ती, सुमारे १३५० साली स्पेनच्या बाजूला चितारलेली. दुसऱ्या महायुद्धात ती नाझींच्या हाती लागू नये म्हणून दरविश कोर्कुत या मुसलमान ग्रंथपालाने लपवून ठेवली. १९९२ च्या युद्धात ती पुन्हा वाचवून बँकेच्या तळघरात नेली. ती ठेवलेली खोली मोजक्याच वेळी उघडतात, आणि मला ती वेळ साधता आली नाही. त्याची हळहळ अजून आहे.

शेजारीच इतिहास संग्रहालय आहे. माझ्या मते सारायेवोत जाऊन एकच जागा पाहायची असेल तर ही पाहावी. पूर्वी याचं नाव क्रांतीचं संग्रहालय होतं. बोस्निया युगोस्लावियात असताना, टिटोच्या काळात, दुसऱ्या महायुद्धातल्या पार्टिझान गनिमांच्या लढ्याची गोष्ट सांगण्यासाठी बांधलेलं, काचेचं आणि काँक्रीटचं. आता इमारत खंगली आहे, गिलावा निघालाय, आत गार वाटतं. वरच्या मजल्यावर वेढ्यातल्या सारायेवोचं दालन. सर्ब सैन्याने घातलेला हा वेढा १४२५ दिवस चालला. तिथे ठेवलंय काय, तर लोकांनी घरून आणून दिलेल्या वस्तू. मदतीत आलेल्या तेलाच्या डब्यांपासून केलेल्या चुली. बूट आणि पुस्तकं जाळून त्यांवर स्वयंपाक व्हायचा. पाणी आणायचे कॅन. पाण्याच्या रांगेत उभं राहणं म्हणजे तोफेच्या टप्प्यात उभं राहणं. मी एका चुलीपुढे बराच वेळ उभी होते. आमच्या लातूरला भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अशाच डब्यांच्या चुली मी पाहिल्या होत्या, १९९३ सालीच. वर्ष तेच निघालं, त्यामुळे पाय हलेना.

संग्रहालयाच्या मागे मांसाच्या टिनचा एक भलामोठा पुतळा आहे, ‘आंतरराष्ट्रीय समुदायास, कृतज्ञ सारायेवोकरांकडून’. वेढ्यात मदत म्हणून जे डबाबंद मांस यायचं, ते कुत्रीमांजरीही हुंगून सोडायची असं तिथे सगळेच सांगतात.

युद्धातल्या बालपणाचं संग्रहालय लहानसं आहे, २०१७ साली सुरू झालेलं. एका तरुणाने आपल्या पिढीच्या लोकांना इंटरनेटवर विचारलं, तुझ्यासाठी युद्धातलं बालपण म्हणजे काय? उत्तर मोजक्या अक्षरांत द्यायचं. हजारावर लोकांनी लिहिलं, मागोमाग वस्तूही येऊ लागल्या. एक वस्तू, आणि शेजारी तिच्या मालकाने सांगितलेली गोष्ट, एवढीच मांडणी. मी वाचलेल्या पाट्यांवर तो मुलगा कुठल्या बाजूचा हे कुठेच लिहिलं नव्हतं. त्याच्याउलट वियेच्नित्साच्या, म्हणजे जुन्या ग्रंथालयाच्या दारावरची पाटी. २५-२६ ऑगस्ट १९९२ च्या रात्री ‘सर्ब गुन्हेगारांनी’ हे ग्रंथालय जाळलं असं तिच्यावर आहे. गोळे सर्ब सैन्याच्या तोफांनीच डागले, यात शंका नाही. पण वेढ्यात अडकून त्याच गोळ्यांखाली जगलेली सर्ब कुटुंबंही त्या गावात होती. त्यांचं पोर शाळेच्या सहलीत त्या पाटीपुढे उभं राहील तेव्हा त्याने काय वाचायचं? शिक्षिका म्हणून मला हा प्रश्न टाळता येत नाही. पाटी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती लिहिताना त्या पोराचा विचार झालेला नाही, एवढंच म्हणते.

चौथ्या दिवशी स्रेब्रेनित्सा. वाटेत कोन्येविच पोल्ये नावाचं गाव लागतं. बसमधल्या शेजारच्या बाईंनी बोट करून दाखवलं. हा भाग सर्बबहुल रेपुब्लिका सर्प्स्कात येतो. इथल्या बोस्नियाक आईबापांनी २०१३ साली मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं होतं. मागणी एवढीच की भाषा, इतिहास आणि भूगोल आमच्या अभ्यासक्रमातून शिकवा. सारायेवोत राहुट्या टाकून बसले होते ते. इतिहास समजतो, भाषाही समजते, पण भूगोल कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नद्या त्याच आहेत, पण तुमचा देश कुठे सुरू होतो हेही भूगोलच शिकवतो ना?

स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या स्मारकात अर्धवर्तुळाकार दगडावर ८३७२ नावं आहेत. जुलै १९९५ मध्ये सर्ब सैन्याने मारलेली बोस्नियाक माणसं आणि पोरं. नावं आडनावांच्या क्रमाने लावलेली आहेत, त्यामुळे एकच आडनाव दहा-दहा, वीस-वीस ओळी खाली उतरत जातं. बाप, मुलगे, चुलते, पुतणे. मी एका आडनावावर बोट ठेवून चालत गेले, पंधरानंतर मोजणं सोडलं. समोरच्या बॅटरी कारखान्यात, जिथे संयुक्त राष्ट्रांचं डच पथक तळ ठोकून होतं, आता संग्रहालय आहे. त्या दिवशी कुठल्या तरी शाळेची बस आली होती. मुलं आधी दंगा करत उतरली आणि दगडापाशी आल्यावर आपोआप गप्प झाली. हा वंशसंहार होता हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं. आणि ज्या प्रदेशात हे स्मारक उभं आहे, तिथले तेव्हाचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं की वंशसंहार आणि सारायेवोचा वेढा शिकवणारी पुस्तकं आमच्या शाळांत चालणार नाहीत. म्हणजे त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर वाढणाऱ्या मुलाला त्या दगडाबद्दल शाळेत काय ऐकायला मिळणार? परतीच्या चार तासांत मी कुणाशी बोलले नाही.

मोस्तारला आगगाडीने गेले. नेरेत्वेच्या काठाकाठाने जाणारा तो दोन तासांचा प्रवास अतिशय देखणा आहे, त्याचं वर्णन बाकीच्यांनी भरपूर केलंय. मला लक्षात राहिल्या त्या तिकिटाच्या खिडकीवर हातात आलेल्या दहा मार्कांच्या दोन नोटा. किंमत एकच, पण एकीवर एक कवी आणि दुसरीवर दुसरा. देशाच्या दोन भागांसाठी दोन छपाया, दोन्ही सगळीकडे चालतात. एकीवर माक दिझदार, दुसरीवर आलेक्सा शांतिच. हा शांतिच सर्ब कवी, त्याची नोट रेपुब्लिका सर्प्स्काची. तो जन्मला आणि वारला मोस्तारला.

भाच्याच्या मित्राची आई स्टेशनवर न्यायला आली होती. मुलगा आता जर्मनीत नोकरीला आहे, त्यामुळे घरात ती, तिचा नवरा आणि सोळा वर्षांची मुलगी. पोहोचल्या पोहोचल्या कॉफी. तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात उकळलेली, बिनकानाच्या छोट्या कपात, सोबत रहात लोकुम या मऊ मिठाईचा तुकडा. मी चहावाली आहे, पण या कॉफीपुढे हरले. मुलगी म्हणाली, “मावशी, बाहेर मागताना जपून. सर्ब माणूस ‘काफा’ म्हणतो, क्रोआट ‘कावा’, आणि आम्ही ‘कहवा’. एका शब्दावरून कळतं तुम्ही कोण.” पावाचंही तसंच, ‘ख्ल्येब’ आणि ‘क्रुह’. बाकी भाषा तीच. सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपानाने मृत्यू होतो’ हे वाक्य तीन भाषांत छापतात. त्यातली दोन वाक्यं अक्षर न् अक्षर सारखी, तिसरं तेच सिरिलिक लिपीत. मी त्यांना म्हटलं, मग तुमचे काही शब्द माझेही आहेत. दुकानाला तुम्ही ‘दुचान’ म्हणता, साबणाला ‘सापून’, पेटीला ‘सांदुक’. तुर्कांबरोबर फारसी-अरबी तुमच्याकडे गेली आणि आमच्याकडेही आली. ती पोर इतकी खूश झाली की वही घेऊन यादीच करायला बसली. यादीत ‘दुश्मन’ हाही शब्द आला. तोही दोन्हीकडे तोच आहे.

या घरातल्या पाहुणचाराबद्दल मी वेगळा लेख लिहू शकेन. मी शाकाहारी म्हटल्यावर त्या बाईने पहाटे उठून पालकाची भाजी आणि चीज भरून भाजतात तो ‘पिता’ नावाचा पदार्थ केला. लाटलेली पारी पूर्ण टेबलभर, आरपार दिसेल इतकी पातळ. पुण्यात कुणी पाहुण्यासाठी इतकं करेल का, मला शंका आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी स्पॅनिश चौकात जाऊन उभी राहिले. मोस्तारची गिम्नाझिया, म्हणजे ते दोन शाळांचं हायस्कूल, फारच सुंदर इमारत आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातली, नारिंगी, मूरिश कमानींची. युद्धात ती अगदी आघाडीच्या रेषेवर होती. शेजारचा बुलेवार रस्ता म्हणजेच ती रेषा. पश्चिमेला क्रोआट, पूर्वेला बोस्नियाक, आणि आजही बहुतांशी तसंच. चौकाच्या आसपास अजून छप्पर नसलेल्या, खिडक्यांतून झाडं उगवलेल्या इमारती उभ्या आहेत.

घंटा झाली, पोरं बाहेर आली. जीन्स, दप्तरं, कानात वायर. मी निरखून पाहत होते. कोण कुठला, काही ओळखू येईना. सगळी एकाच आईची असावीत अशी. घोळका फाटकापाशी मिनिटभर थांबला आणि पांगला. बरीच पोरं रस्ता ओलांडून पलीकडे गेली, बरीच अलीकडे. एवढंच. आवाज नाही, भांडण नाही, शिपाई नाही. मी तिथे जे पाहायला गेले होते ते इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं, आणि त्यानेच मला रडू आलं.

मुलगी मला तिथेच भेटली. घरी चालत येताना तिने सगळं समजावून सांगितलं. युद्धानंतर निर्वासित परत येऊ लागले तेव्हा त्यांच्या मुलांना निदान त्याच इमारतीत बसता यावं, म्हणून ही ‘एका छपराखाली दोन शाळा’ ही सोय काढली. तात्पुरती. ती तिथेच राहिली. २०१८ च्या एका अहवालात अशा २८ जागा आणि त्यांतल्या ५६ शाळा मोजल्या आहेत. काही ठिकाणी दारं वेगळी, सुट्ट्या वेगळ्या, मधे कुंपण. स्तोलात्स आणि चाप्लिनातल्या शाळांबद्दल फेडरेशनच्या, म्हणजे देशाच्या बोस्नियाक-क्रोआट भागाच्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की हा भेदभाव आहे. शाळा चालूच आहेत. मोस्तारच्या गिम्नाझियाचं प्रशासन २००४ पासून एक झालंय. विद्यार्थी परिषद एक, कॉम्प्युटरची खोली एक. पण वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे, पुस्तकं वेगळी.

“फिजिक्सचंही?” मी विचारलं.

“फिजिक्सचंही.”

मग ती याय्त्सेबद्दल सांगू लागली आणि तिचा चेहराच बदलला. याय्त्से म्हणजे जिथे १९४३ साली नव्या, संघराज्य युगोस्लावियाची घोषणा झाली ते गाव. तिथल्या हायस्कुलात पोरं एकत्र शिकत होती. २०१६ मध्ये त्यांनाही वेगळं करायचा घाट घातला, तर बोस्नियाक आणि क्रोआट पोरं मिळून रस्त्यावर उतरली, वर्षभर लावून धरलं आणि बेत हाणून पाडला. त्याच भागातल्या शिक्षणमंत्री २००७ मध्ये म्हणाल्या होत्या की सफरचंद आणि नासपती एकत्र ठेवता येत नाहीत, सफरचंदं सफरचंदांत आणि नासपती नासपतींत. “आम्ही फळं नाही आहोत, मावशी,” ती म्हणाली. सोळा वर्षांची पोर, रस्त्यात थांबून.

रात्री जेवणानंतर तिची आई बोलू लागली. तोवर ती फक्त वाढत होती. तिचा जन्म १९७८ चा. सात वर्षांची असताना निळी टोपी आणि लाल स्कार्फ घालून तिने टिटोच्या पायोनियरांची, म्हणजे शाळकरी पोरांच्या संघटनेची, शपथ घेतली. शाळेच्या सहलीने याब्लानित्साला गेली, नेरेत्वेची लढाई जिथे झाली तिथल्या संग्रहालयात. बसमध्ये सर्ब, क्रोआट, मुसलमान सगळी पोरं. कोण काय आहे हे तेव्हा आम्हांला माहीतच नव्हतं, असं तिकडची त्या वयाची बहुतेक माणसं सांगतात, तीही म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “खरं म्हणजे माहीत होतं. पुस्तकात होतं की पार्टिझान लढले, फॅसिस्ट हरले, बंधुता आणि एकता. पण त्याच युद्धात आमच्या डोंगरावरच्या गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं होतं. ते आजी सांगायची. स्वयंपाकघरात, हळू आवाजात, नावानिशी. शाळेत ते कुणी कधी काढलं नाही. सगळ्यांच्याच आज्या सांगत होत्या. क्रोआट आज्या त्यांचं, सर्ब आज्या त्यांचं. ९१-९२ मध्ये पुढारी आले आणि त्यांनी मोठ्या आवाजात तेच सांगायला सुरुवात केली. आम्हांला वाटलं, अरे, हे तर खरं बोलतायत, आजी म्हणायची तेच.”

मुलीने हे सगळं आईच्या तोंडून इंग्रजीत आणून मला दिलं. काही वाक्यं तीही पहिल्यांदाच ऐकत होती, कारण मधेच थांबून आईकडे बघत होती.

मग मुलीने मला विचारलं, “मावशी, तुम्ही इतिहास शिकवता. तुमच्या गावात असं काही झालं होतं का?”

मी म्हटलं, नाही. मी तिला मराठवाडा मुक्तिसंग्राम सांगितला. निजामाचं राज्य, रझाकारांचे अत्याचार, आजोबांनी घर सोडून बार्शीच्या बाजूच्या कॅम्पात जाणं, गंजी पेटवलेल्या, १७ सप्टेंबर १९४८, दरवर्षीचं झेंडावंदन. हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला आणि जीव ओतून शिकवला. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “आणि नंतर?”

नंतर काय, असं म्हणून मी विषय संपवला. झोपायला गेले आणि झोप आली नाही.

कारण नंतरचं मला माहीत आहे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत त्याच गावांतल्या मुसलमानांना मारलं गेलं. रझाकार होते त्यांना, आणि जे काहीच नव्हते त्यांनाही. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ती गावोगाव फिरली आणि तिने मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला, २०१३ च्या सुमाराला दिल्लीत लोकांना पाहायला मिळू लागला. मी त्यावरचे लेख वाचले, कात्रणं कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच जुना धडा घेतला. पुस्तकात नाही, परीक्षेत येत नाही, उगीच कशाला, असं स्वतःला समजावलं. माझ्या वर्गात शेख होत्या, पठाण होते, बागवान होते. १७ सप्टेंबरच्या धड्याला ती पोरं खाली बघून बसायची. मी ते पाहिलेलं आहे. एकतीस वर्षं पाहिलेलं आहे.

आणि आमच्या आजीच्या गावाबाहेर एक विहीर होती. तिचं पाणी कुणी पीत नसे. लहानपणी विचारलं तर आजी म्हणायची, “तिकडं जायचं नाही.” शेजारचं घर पडकं होतं. त्याला अत्तारांचं घर म्हणायचे. त्या घरात अत्तार कुणी मी कधी पाहिले नाहीत. हे सगळं मी आयुष्यभर स्वयंपाकघरातच ठेवलं, आणि हजारो मैल लांब जाऊन दुसऱ्यांच्या शाळेपुढे उभं राहून रडले.

पुढचे दोन दिवस ब्लागायचा झरा, पोचितेल्यचा किल्ला वगैरे झालं. ऊन फार होतं.

निघायच्या दिवशी पोरगी माझी बॅग ओढत बसस्थानकावर आली. बसला वीस मिनिटं होती. मी तिला सांगितलं. विहिरीचं, अहवालाचं, वर्गातल्या पोरांचं, सगळं. म्हटलं, परवा तू विचारलंस आणि नंतर काय, त्याचं मी तुला उत्तर दिलं नव्हतं. तिने मान हलवली, जणू तिला ते तेव्हाच कळलं होतं. तिने आकडा पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला.

“त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?” तिने विचारलं. ती शाळेतर्फे पोतोचारीला जाऊन आलेली आहे.

मी म्हटलं, कुठेच नाहीत.

“त्या शेजारच्या घरातल्यांची तरी? तुमच्या आजीला माहीत असतील.”

आजीला जाऊन चौतीस वर्षं झाली. माझ्याकडे एकच शब्द होता, अत्तार, आणि ते आडनाव होतं की त्यांचा धंदा, हेही मला ठाऊक नव्हतं. तिने तो शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

ड्रायव्हरने सामानाचे दोन मार्क वेगळे मागितले, ते दिले. बस नदीला लागल्यावर मी लातूरला बहिणीला फोन लावला आणि विचारलं, आजीच्या गावी आपल्या वाड्याशेजारी अत्तारांचं घर होतं बघ, तिथे राहायचं तरी कोण?

ती म्हणाली, “कुठलं घर?”